डिकीतला बॅरन

शनिवारी दुपारी एक वाजता व्हर्जिल प्रूइटच्या गाडीने हमरस्त्यावर मान टाकली, आणि नेमकं त्याच दिवशी तीन वाजता व्हर्जिलला आयुष्यात पहिल्यांदा जिंकायचं होतं.

जिंकायचं होतं म्हणजे तसं ठरलेलं होतं. एकोणीस वर्षं हा माणूस 'बॅरन फॉन क्रांट्झ' या नावाने टेनेसीच्या गावोगावी नाटकी कुस्त्यांत खलनायक होऊन हरत आला होता. काळा झगा, एका डोळ्याचा चष्मा, चिकटवलेली मिशी आणि तोंडाला येईल ती भाषा. बॅरन प्रशियाचा, पण व्हर्जिलची परदेशवारी शेजारच्या जॉर्जिया राज्याच्या पुढे कधी गेली नव्हती. घरी तो टोमॅटो लावायचा आणि रविवारी मिशी घरी ठेवून चर्चमध्ये मागच्या रांगेत हळू आवाजात गायचा. आमच्याकडे याहून निरुपद्रवी माणूस शोधून सापडला नसता.

शेवटी कुस्त्यांचा मालक लूथर गँट याला दया आली. "सहा महिने तू ड्यूईच्या चॅम्पियनच्या पट्ट्यामागे हात धुऊन लागलायस," तो म्हणाला. "आता लोकांना वाटलं पाहिजे की जग बुडालं. शनिवारी पट्टा तुझा. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ड्यूई तो परत घेईल."

तीन आठवडे का होईना, पट्टा घरात येणार होता. व्हर्जिलच्या बायकोने, लॉरीनने, तो टांगायला बैठकीच्या खोलीत खिळासुद्धा ठोकला होता.

गाडी बंद पडल्यावर वीस मिनिटांनी तिथे एक लांबलचक हिरवी गाडी थांबली. आत चॅम्पियन ड्यूई स्टँपर. सोनेरी केस, पांढरे दात, गावाचा लाडका. बॅरनचा हाडवैरी आणि व्हर्जिलचा जिवलग मित्र.

"बस," ड्यूई म्हणाला.

"पुढे? डोकं फिरलंय का तुझं? कुणी बघितलं तर?"

लूथरचा नियम एकच होता. वैरी चारचौघांत एकत्र दिसले, की दोघांनाही नारळ. लोक वैर बघायला येतात, ते हॉलच्या बाहेरही टिकलं पाहिजे.

"मग मागे आडवा हो."

"कुणी डोकावलं तर?"

दोघांनी एकदम डिकीकडे पाहिलं.

"बाराच मैल आहेत," ड्यूई म्हणाला.

"तुला बारा आहेत," असं म्हणून व्हर्जिल झगा गुंडाळून आत शिरला.

चर्चच्या कोपऱ्यावर ओडेसाआजी रस्त्याच्या मधोमध उभी होती. वय अठ्ठ्याहत्तर, हातात टोपली, टोपीला बोटभर लांब पिन. दर शनिवारी ती कुस्त्यांना पहिल्या रांगेत बसायची. बॅरन जवळून गेला की ती पिन टोपीतून निघायची आणि त्याच्या मांडीत जायची. दर शनिवारी ती ड्यूईसाठी पेकानचे दाणे घालून भाजलेला 'पाय' नावाचा गोड पदार्थ करून आणायची. तिला न घेता पुढे जायची ड्यूईची काय बिशाद.

"आज तुझी गाडी मागून बसलीय," गाडीत बसत ती म्हणाली.

"सामान आहे, आजी."

तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं आणि मागून "आई गं" असा आवाज आला.

"हे काय?"

"डुक्कर," ड्यूई म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही. "लहान आहे. भावाला द्यायचंय."

"बंद डिकीत? मरेल की रे बिचारं." आजीने पिन चाचपली. "आज त्या मेल्या बॅरनने पट्ट्याला हात लावू दे, मग बघतेच. ही पिन पार मुठीपर्यंत घालते."

डिकीतून धाडकन आवाज आला.

"बघ, डुकरालासुद्धा पटलं," आजी म्हणाली.

हॉलसमोर चाळीस-पन्नास माणसांची रांग होती. गाडी थांबताच सगळे ड्यूईभोवती सह्यांसाठी गोळा झाले. माणसांचे आवाज ऐकून व्हर्जिलने श्वास रोखून धरला आणि तिथेच सगळं बिनसलं. मागे एकदम शांत झाल्यावर आजीच्या काळजात चर्र झालं. तिचा जन्म शेतावर गेलेला. तिने गाडीची किल्ली काढली, मागे गेली आणि डिकी उघडली.

आत अंगाचं मुटकुळं करून बॅरन फॉन क्रांट्झ पडला होता.

व्हर्जिल उठून बसला. इंग्रजी बोलायची सोय नव्हती, म्हणून त्याने हात जोडून घाईघाईने दोन-चार प्रशियन वाक्यं म्हटली.

"ड्यूई," आजी म्हणाली, "हा माणूस तुझ्या डिकीत काय करतोय?"

खरं सांगायचं, तर आम्ही मित्र आहोत, एका ताटात जेवतो, असं सांगावं लागलं असतं. मग सहा महिन्यांचं वैर पाण्यात, दोघांना नारळ आणि लॉरीनचा खिळा रिकामा. ड्यूईने व्हर्जिलकडे पाहिलं. त्या बापड्याच्या ओठावरची मिशी अर्धी सुटली होती. ड्यूईला गलबलून आलं. मग त्याने सोनेरी केस मागे सारले आणि जन्मात हसला नव्हता असा छद्मी हसला.

"कोंडून आणला त्याला. वाटेत गाठला. हा रिंगणात आलाच नाही, तर पट्टा आपोआप माझ्याकडेच राहतो की."

"आणि मला सांगितलंस डुक्कर आहे?"

"मग काय सांगणार होतो?"

आजीने पुढच्या सीटवरची टोपली उचलली आणि सगळ्यांदेखत बॅरनच्या हातात दिली.

आत लूथर डोक्याला हात लावून बसला होता. "सहा महिने मी गोष्ट रचली, आणि तुम्ही ती एका डिकीत घालवलीत."

"गोष्ट तीच आहे," व्हर्जिल म्हणाला, "फक्त माणसं उलटी झालीत."

लूथरने पडदा सारून पाहिलं. हॉल खचाखच भरला होता आणि ड्यूई यायच्या आधीच त्याच्या नावाने शिमगा चालला होता. "होऊ दे," तो म्हणाला.

व्हर्जिल बाहेर आला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्या मागून कोण येतंय ते बघायला तो वळला. मागे कुणीच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि चष्म्याची काच धुरकट झाली.

ठरल्याप्रमाणे बॅरनने ड्यूईच्या डोळ्यांत मीठ फेकून लबाडीने जिंकायचं होतं. पुडी कमरेला होती. मानगूट पकडून तो कुजबुजला, "आता मिठाचं काय करू?"

"माझ्याकडे दे," ड्यूई कुजबुजला.

ड्यूईने मीठ फेकलं, बॅरन खाली वाकला, मीठ पंचाच्या तोंडावर गेलं आणि लोक चवताळून उठले. दोन मिनिटांनी ड्यूई पाठीवर होता आणि पंच डोळे चोळत तीन मोजत होता. पट्टा हातात आल्यावर व्हर्जिल लहान पोरासारखा रडला. त्यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. ड्यूई दोरांमधून पहिल्या रांगेसमोर गडगडला आणि त्याने जी किंकाळी फोडली, तीही ठरलेली नव्हती.

खेळ संपला तरी लोक हिरव्या गाडीभोवती ड्यूईची वाट बघत उभे होते. हातात टोमॅटो होते. काय करणार? नवा चॅम्पियन ड्यूईची किल्ली उंच धरून सगळ्यांना दाखवत, लुटलेल्या गाडीत बसला. लोकांनी वाट करून दिली. मग त्याने गाडी मागच्या दाराशी घेतली आणि ड्यूई डिकीत गेला.

फाटकाशी ओडेसाआजी उभी होती. तिने दार उघडलं, आत बसली आणि बॅरनशेजारची आपली टोपली मांडीवर घेतली. बॅरनला बोलता येत नव्हतं, त्यामुळे वाटभर तीच एकटी बोलत होती.

चर्चजवळ गाडी त्याच खड्ड्यात गेली. मागून "आई गं" ऐकू आलं.

आजीने टोपलीतल्या 'पाय'चे दोन तुकडे कापले. एक त्याच्यापुढे धरला, दुसरा रुमालात बांधला.

"हा मागे डुकराला दे," ती उतरता उतरता म्हणाली. "आणि व्हर्जिल, उद्यापासून चर्चमध्ये जरा मोठ्याने गात जा. पुढच्या बाकांपर्यंत ऐकूच येत नाही."

व्हर्जिल एकोणीस वर्षांच्या इमानाला जागला. त्याने मिशी नीट दाबली आणि प्रशियन भाषेत "हो" म्हटलं.