शिरीबाबांचं टेस्टिंग

जुना संगणक नव्या मालकाच्या घरी पोचवला की शिरीबाब तो त्या दिवशी सुरू करत नाहीत. मेजावर ठेवतात, वायरी नीट गुंडाळून बाजूला लावतात, खांद्यावरचा पंचा काढून त्याच्यावर पांघरतात आणि घरच्यांना सांगतात, "वाटेत धक्के खावन इलो आसा. आज तेका निजांदे."

मग चहा पितात आणि निघून जातात. घरातली माणसं पंचाकडे बघत बसतात.

मये गावात आमच्या शेजारी त्यांचं घर. खाणीच्या ऑफिसात ते टाइमकीपर होते. खाण बंद पडली, ऑफिस आवरलं गेलं, आणि तिथले संगणक कोपऱ्यात रचून ठेवलेले शिरीबाबांनी पाहिले. दुसऱ्या कोणी पाहिले असते तर भंगारवाल्याला हाक मारली असती. शिरीबाबांनी एकेक करून ते स्कूटरवरून घरी आणले. पडवीत बसून त्यांनी पहिला डबा उघडला तेव्हा पंख्यातून खाणीची तांबडी माती भसकन बाहेर आली. "फुफ्फुसां भरली हत बिचाऱ्याची," ते म्हणाले, आणि रंगाच्या ब्रशने झाडायला बसले. तेव्हापासून हाच उद्योग. आता डिचोलीपासून पेडण्यापर्यंत कुणाला जुना संगणक काढायचा असला की त्यांना निरोप येतो, आणि कुणाला हवा असला तरी त्यांनाच.

हवा असला म्हणजे मिळतोच असं नाही. आधी मुलाखत होते. संगणकाची नव्हे, घेणाऱ्याची.

हरमलला पर्यटकांना खोल्या देणारा एक गृहस्थ त्यांच्याकडे आला होता. शिरीबाब म्हणाले, "आधी तुमचो फ्रिज दाखवा." तो बिचारा त्यांना थेट हरमलला घेऊन गेला. शिरीबाब स्वयंपाकघरात उकिडवे बसले, मान वाकडी करून फ्रिजच्या पायाखाली बघितलं, बोटाने गंज खरवडला, त्याचा वास घेतला. उठून म्हणाले, "खाऱ्या वाऱ्यात तेची हाडां कुसतली. तुमी हिशेब वहीत घाला." आणि संगणक पुन्हा स्कूटरवर बांधून मयेला परत आणला. गृहस्थ समुद्र दूर करायला तयार नव्हते, त्यामुळे विषय तिथेच संपला.

आणखी एक नियम म्हणजे संगणकावर चिकटवलेला देव ते काढत नाहीत. ऑफिसातल्या प्रत्येक डब्यावर कुणी ना कुणी देव लावलेलाच असतो. "देव तुमी काढा. मी काढूचंय नाय," एवढं सांगून ते मोकळे होतात. आमच्या शाळेतल्या मास्तरांना मिळालेला संगणक म्हापशाच्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडचा होता. त्याच्यावर सांत आंतोन होता, कडेवर बाळ घेतलेला. मास्तरांना तो काढवेना. आता मास्तरांच्या पत्नी सकाळी देवपूजा आटोपली की एक जास्वंद त्यालाही वाहतात. मास्तर म्हणतात, यंत्र त्यानंतर एकदाही अडलं नाही.

शिरीबाबांचा माणसांशी बोलायचा ढंगही निराळा. ते तुमच्याशी बोलतात, पण बघतात यंत्राकडे. रस्त्यात भेटले आणि हातात यंत्र नसलं, तर स्कूटरच्या आरशाकडे बघतात. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांच्या डोळ्यांचा रंग मला सांगता आला नसता. माझा मोबाईल अजून बटणांचा आहे, म्हणून ते मला माणसांत धरत नाहीत, एवढीच मी माझी समजूत घातली होती.

तर अशा माणसाकडे मला माझ्या आतेसाठी शब्द टाकावा लागला.

माझी आते हळर्णला एकटी राहते. तिची मुलगी सुनीता आयर्लंडला नर्स. गेल्या हिवाळ्यात सुनीताला मुलगी झाली, आणि त्याच सुमाराला आतेच्या डोळ्यांनी दगा दिला. एक डोळा गेल्यातच जमा, दुसऱ्याचं डॉक्टर नक्की काही सांगेनात. सुनीता मोबाईलवर बाळ दाखवायची, तर आते म्हणायची, "मुंगयेएवढां दिसता. नाक खंय, डोळे खंय, कळणा नाय." तिला मोठा पडदा हवा होता, आणि लवकर हवा होता.

मी शिरीबाबांना घेऊन हळर्णला गेलो. पडद्याचा डबा त्यांनी स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवलेला, जुन्या लुगड्याने बांधलेला. मी मागून माझ्या गाडीवर, संगणकाचा दुसरा डबा घेऊन. प्रत्येक खड्ड्याला ते डब्याला काहीतरी म्हणत होते. बहुतेक माफी मागत असावेत.

आतेच्या घरापुढच्या सोप्यावर बसून त्यांनी जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, बघत विचारलं, "कित्याक व्हयो?"

"नातीक बगूक," आते म्हणाली.

मी पुढच्या प्रश्नांची वाट बघत होतो. फ्रिज, गंज, घरात उंदीर आहेत का, दुपारी ऊन कुठून येतं. शिरीबाबांनी यातलं काहीच विचारलं नाही. उठले आणि डबा सोडायला लागले.

पण पंचा मात्र पांघरलाच. आतेला ते मुळीच आवडलं नाही.

"मेल्या माणसासारखा कित्याक धापलात तेका?"

शिरीबाबांना असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला, आणि पंचा पडद्याच्या अर्ध्यावर ओढला. "तोंड उघडा ठेवूया," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा हळर्णला. शिरीबाबांनी संगणकाचं झाकण उघडलं, आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून शाळेच्या खोडरबराने पुसल्या, पुन्हा बसवल्या, पडद्यावर कॅमेरा अडकवला, केबलवाल्याचं नेट जोडलं आणि बटण दाबलं. संगणक सुरू झाला. आते लगेच खुर्ची ओढून बसली.

"आता लावा सुनीक."

"आधी टेस्टिंग," शिरीबाब म्हणाले.

तसंही आयर्लंडात तेव्हा रात्र होती. पण ते कारण त्यांनी दिलं नाही. टेस्टिंग झाल्याशिवाय घरच्या माणसाला फोन लावायचा नाही, पलीकडे माणूस बसवून नीट बघायचं, असं त्यांचं म्हणणं. एरवी ते टेस्टिंगला आमच्या मास्तरांना फोन लावत. त्या दिवशी मास्तर उचलेनात. माझ्या बटणांच्या मोबाईलकडे त्यांनी एकदा बघितलं आणि नजर फिरवली.

आते म्हणाली, "मगे तुमच्या घराक लावा. बायलेक."

"बायल नाय. लगीन करूक नाय मी."

"आवशीक?"

"ती गेली."

"भाव-भैन कोण नाय?"

"भाव आसा. मस्कतात."

"मगे तेका लावा."

शिरीबाब माऊसची वायर सरळ करत बसले. ती सरळच होती. "तेका नको," म्हणाले.

आतेने त्यांच्याकडे काही वेळ बघितलं. तिला कितपत दिसलं असेल देव जाणे. मग तिने कपाटावरचा आपला मोबाईल घेतला, भिंतीला हात लावत लावत बाहेर गेली, आणि सोप्यावरून ओरडली, "मी हय बसलंय. माका लावा!"

अशा रीतीने शिरीबाबांनी आतल्या खोलीतून बाहेरच्या सोप्यावर फोन लावला. पडद्यावर प्रथम एक मोठा कान आला. त्यात सोन्याची कुडी.

"काकी, कान दिसता. तोंड दाखवा."

मग एक नाक आलं. मग सगळी आते आली, मागे अंगणातली सुपारी. मधल्या भिंतीमुळे तिचा आवाज दोन्हीकडून ऐकू येत होता, आधी दारातून आणि मग यंत्रातून.

"आवाज येता?" शिरीबाबांनी विचारलं.

"येता."

"तोंड दिसता?"

"दिसता. तुमी दाढी करूक नाय." हे तिला मोबाईलवर दिसलं की मघाशी समोर, कोण जाणे. तिने मोबाईल आणखी जवळ घेतला. "नि तोंड सुकलेलां दिसता. काल राती काय जेवलात?"

"पाव."

"नि?"

"पाव नि चाय."

"नि सकाळी?"

"काकी, ह्यां टेस्टिंगात येणा नाय."

"येता. फुडे सांगा. मस्कतच्या भावाक कित्याक नको?"

मी खोलीच्या कोपऱ्यात उभा होतो. निघून जावं असं वाटलं, पण दार शिरीबाबांच्या खुर्चीमागे होतं. तेव्हा मला दिसलं की ते पडद्यावरच्या आतेच्या डोळ्यांत बघत होते. समोर बसलेल्या माणसाशी जे त्यांना कधी जमलं नाही, ते भिंतीपलीकडे बसलेल्या माणसाशी जमत होतं.

ते बोलले ते असं. त्यांची आई हॉस्पिटलात होती. शेवटचंच होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. मस्कतच्या भावाला सुट्टी मिळेना. त्याने कळवलं, मला आई एकदा दाखव. आईनेही हट्ट धरला. शिरीबाबांनी घरून लॅपटॉप नेला, तोही असाच कुणाचा तरी जुना. खाटेवर ठेवला. आईने नर्सकडून केस विंचरून घेतले, कुंकू लावून घेतलं, उशीला टेकून बसली. आणि फोन लागेना. वॉर्डात रेंज येईना, लॅपटॉपचा कॅमेरा उघडेना. घरी सगळं बघून न्यायला हवं होतं, ते घाईत राहून गेलं.

"सगळ्या तालुक्याक लावन दिलंय मी," शिरीबाब पडद्याला म्हणाले. "माझ्या आवशीक माका लावक जमला नाय. ती बसान रवली. मदी मदी विचारी, लागलो काय रे? लागलो काय?"

संध्याकाळी ती थकून आडवी झाली, ती पुन्हा उठून बसली नाही. भाऊ बाराव्याला आला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, तू मुद्दाम लावलंस नाय. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही.

पडद्यावर आतेचा पदर डोळ्यांकडे गेलेला दिसला. मग ती म्हणाली, "टेस्टिंग झाला मरे? मगे उठा. भात नि हुमण आसा. जेवन घेवा."

शिरीबाब जेवले. आते भातावर माशाचं हुमण वाढत राहिली आणि ते नको म्हणायला विसरत राहिले.

दुपारी सुनीताचा फोन आला. शिरीबाबांनी बटण दाबलं आणि पडदाभर एक गोल, टक्कल असलेलं, लाळ गाळणारं बाळ आलं. आतेने श्वास आत घेतला तो मला ऐकू आला. ती खुर्चीवरून पुढे वाकली, काचेला जवळजवळ कपाळ लावलं. "अगो, हेचां नाक तुझ्या बापायचां," ती सुनीताला म्हणाली. "तेंचांच नाक. तू माका सांगूक नाय!" सुनीता तिकडे हसत होती, मग हसता हसता रडायला लागली. आते बाळाच्या एकेका अवयवाचा मालक ठरवत होती. कान सासूकडचे, हनुवटी आमच्याकडची.

माझ्या लक्षात आलं, शिरीबाब खोलीत नव्हते. मी बाहेर आलो.

ते अंगणाच्या टोकाला सुपारीपाशी उभे होते. मोबाईल हात लांब करून तोंडासमोर धरलेला. स्क्रीनवर कामगारांच्या खोलीसारखी खोली, आणि शिरीबाबांसारखाच एक माणूस, थोडा जाड, बनियनवर. दोघेही एकमेकांकडे बघत होते. इतका वेळ कुणी बोललं नाही की मला वाटलं, फोन अडकला.

मग शिरीबाबांनी घसा साफ केला.

"आवाज येता?"

"येता रे शिरी," तो माणूस म्हणाला. "येता. तू बोल."

मी आवाज न करता आत आलो. आते पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "शिरीबाब खंय गेले?"

"भायर आसत. टेस्टिंग करतत."

"करांदे," आते म्हणाली, आणि नातीच्या पायाची बोटं मोजायला लागली.