डोमाजीभाऊंचे उंच बाक

समस्त वाचकांनी कृपया स्थिर बसावे, जमल्यास पाय वर घेऊन. कारण मी अत्यंत गंभीर घोषणा करतो आहे. त्रेपन्न-चौपन्न साली आमच्या शाळेच्या अंगणात पोरांसाठी जेवणाचं टेबल आणि बाकं करायची ठरली. ती कुठल्या लाकडाची, याचा निकाल कमिटीने दिला नाही. उधईने, म्हणजे वाळवीने दिला!

उधईचे वकील होते डोमाजीभाऊ. चामोर्शीच्या अलीकडे आमचं गाव. भाऊ धानाचे शेतकरी आणि शाळा कमिटीचे मेंबर. मी त्या शाळेत धाकटा मास्तर. भाऊ कुणाच्याही ओट्यावर गेले की रामरामाआधी म्हणत, "पाय वर घ्या, पाय वर!" दौऱ्यावर आलेल्या तहसीलदारांनाही तेच सांगितलं. साहेबांनी खुर्चीत मांडी घालून सगळी तपासणी केली.

कमिटीने स्वस्तातल्या आंब्याच्या फळ्या सुचवल्या. भाऊंनी फळी हुंगली, ठोकली, एक ढलपी चावून थुंकली. "हे टेबल नाई, उधईची पंगत होय!"

मग त्यांनी आंबा, साग आणि बिजा या लाकडांचे तुकडे पावसाळाभर वारुळात पुरून ठेवले. तेही नेमकं ज्या वारुळाला नागपंचमीला पूजा होते त्यात. बाया खवळल्या.

"भाऊ, देवाच्या घरात लाकडं काऊन कोंबून राह्यले?"

"त्यानं माहं घर इचारून रिकामं केलं का, बाई?"

बाया माघारी फिरल्या. आदल्या पावसाळ्यात शाळेच्या झाडाखाली पोरं भुईवर बसून शिदोरी खात होती, तेव्हा भाऊंच्या शेवंतीला साप चावला. दवाखान्यात न्यायला बंडीला बैल जुंपेपर्यंत पोर संपली होती. एकुलती एक.

दिवाळीनंतर भाऊंनी वारूळ उकरलं. आंब्याची माती झालेली, सागाची कड कुरतडलेली, बिजा जसाच्या तसा. "बिजा पास!" भाऊ ओरडले. वाढई रंधा-पटाशी घेऊन कामाला लागला आणि भाऊ माप घेऊन त्याच्या मानगुटीवर बसले.

टेबल झालं. देखणं, दणकट, आणि इतकं उंच की पहिलीच्या पोरांना बाकावर चढताच येईना. ज्यांना चढवलं त्यांचे पाय दोडक्यांसारखे लोंबत राहिले.

"भाऊ, टेबल केलं की मचाण?" हेडगुरुजी पोट धरून हसले. मीही हसलो. ते पुढे म्हणाले, "अहो, आणा ती करवत. वीतभर पाय कापून टाका!"

वाढईने करवत लावली. तेवढ्यात भाऊ धावत आले आणि मटकन भुईवर बसले. जगाला पाय वर घ्यायला लावणारा माणूस धुळीत बसला, बाकाच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारून.

"कापू नका जी, गुरुजी! मी येत जाईन रोज, एकेकाले उचलून बसवत जाईन. माह्या शेवंतीचे पाय भुईलेच टेकून होते!"