एक पावसाळा जाऊ द्या

आमी दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते असं. विमानाच्या पंख्याच्या मधल्या भोकात लोखंडी गज घातला, तो गज अंगणात दोन बाजांवर आडवा ठेवला आणि दोघं उकिडवे बसून पंखा कुठल्या बाजूला कलंडतो ते पाहत राहिलो. साडेचार फुटांचा सागवानी पंखा, माझ्या हातानं तासलेला. एक पातं हळूच खाली गेलं.

"पाहा," कौसा म्हणली. "अजून जड हाय. एक पावसाळा जाऊ द्या."

कौसा माझी बायको. मी सुतार, शाळा चौथीपर्यंत. सेनगावाकडच्या आमच्या खेड्यात विमानाच्या पंख्याचं काय काम, असं कोणी विचारलं तर त्याला आधी कौसा कशी होती ते सांगावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती डाळ पाखडता पाखडता कलंडली ती उठलीच न्हाई. आता सांगायला ती न्हाई, म्हणून मी लिहितो.

कौसाचा कशावरच एकदम भरवसा बसायचा न्हाई. कुठलीही नवी वस्तू घरात आली की तिचं एकच बोलणं, "एक पावसाळा जाऊ द्या." एकदा बाजारातून मी छत्री आणली. तिनं ती उघडली आणि अंगणातल्या खुंट्याला बांधून टाकली. चार महिने छत्री भिजत राहिली आणि मी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन कामाला जात राहिलो. लोक विचारायचे, "काहून मिस्त्री, छत्री आणली होती ना?" मी म्हणायचो, "तिची परीक्षा चालू हाय." दिवाळीला कौसानं छत्री मिटली, "चांगली हाय" म्हणली आणि पेटीत ठेवून दिली. आता पाऊस कुठं होता!

लग्नानंतर आठ दिवसांनी मी तिला लाडात विचारलं, "मी कसा वाटलो?" तर म्हणली, "एक पावसाळा जाऊ द्या." पावसाळा गेला. परत विचारायची माझी हिंमत झाली न्हाई.

तिचा भाऊ नामा. आई गेली तेव्हा तो रांगत होता, म्हणून कौसा नवरी होऊन आली ती कडेवर भावाला घेऊनच. आमच्या अंगणातच तो वाढला. आठ वर्षांचा असताना दोन्ही हातांना दोन सुपं बांधून माळवदावरून उडाला. पाय मोडला. अजून लंगडतो. मी म्हणलं, दोन ठेवून दे त्याला. तिनं त्याला बोट लावलं न्हाई. सुपं मात्र कुलपात ठेवली. धान्य पाखडायचं झालं की कमरेची किल्ली काढायची, आणि पाखडून झालं की परत कुलूप. नाम्याला मिसरूड फुटलं तरी हे चालू होतं.

पुढं नाम्यानं वारंगा फाट्यावर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं. हात सोन्याचा. जळालेली मोटार त्याच्याकडं गेली की गुणगुणत परत यायची. पण नव्वदच्या पुढं कधीतरी नांदेडला विमान उतरताना पाहून आला आणि सुपांचं भूत परत अंगात आलं. दुकानामागच्या पत्र्याखाली पाइपांचा सांगाडा उभा राहिला, त्याला कापडी पंख बसले, जुन्या गाडीचं इंजिन बसलं. फाट्यावरचे लोक चहा पीत विचारायचे, "नामदेवराव, इमान कधी सुटतंय? जागा धरून ठेवा." तो चिडायचा न्हाई. एक दिवस आमच्याकडं आला आणि म्हणला, "दाजी, पंखा तेवढा राहिला."

आधी त्यानं भंगारातून अल्युमिनचा पंखा आणला होता. कौसानं त्याच्यावर उलथनं वाजवून पाहिलं.

"नाम्या, हे मोडायच्या आधी सांगंल का?"

"म्हंजी?"

"माळवदाचं लाकूड मोडायच्या आधी आठ दिवस कुरकुरतं. माणूस लेकरं घेऊन बाहेर निघतो. हे कुरकुरंल का?"

नाम्याकडच्या पुस्तकात बी तेच होतं म्हणे. हादऱ्यानं आतल्या आत केसाएवढी चीर पडती आणि दिसत न्हाई. मग फायबरचा विषय निघाला. तो पावसाला चांगला, पण ठोकर लागली तर इथं नीट कोण करील? शेवटी लाकूडच ठरलं. मी सागाच्या सात पट्ट्या सरसानं चिकटवल्या, तासल्या, घोटल्या. नामा त्याच दिवशी घेऊन निघाला होता. कौसा दारात आडवी झाली. "एक पावसाळा जाऊ दे, लेकरा."

पंखा छत्रीच्या खुंट्याला बांधला गेला. पोळ्यापर्यंत पावसानं सरस सुटला आणि पोथीची पानं सुटावीत तशा सातही पट्ट्या सुट्या झाल्या. नामा ते पाहून खालीच बसला. "आक्का, हे वर असताना सुटलं असतं तर..." तेव्हापासून कौसाचा शब्द म्हंजी हुकूम.

दुसऱ्या पंख्याला पाण्यानं न सुटणारा डिंक लावला, कडेला पितळी पट्टी ठोकली, वार्निशचे पाच हात दिले. तो पुरा पावसाळा बाहेर राहिला. सुटला न्हाई, वाकला न्हाई. फक्त तोलताना एक पातं जड निघालं. असा पंखा लावला तर इंजिन हादरून सांगाड्यातून निघंल, हे नाम्याला ठाऊक, म्हणून तो तसा लावायचा न्हाई. मी हलक्या पात्याला वार्निश देऊन तोल बसवला. कौसा म्हणली, आणखी एक पावसाळा पाहू. पुढच्या साली ते वरचं वार्निश घासून काढून तोलला, तर परत तेच पातं जड. मी परत बसवला. परत जड. "तुमचा हात कापायला लागला," ती म्हणायची. दहा-बारा वर्षं अशी गेली. मला ते खरं वाटून मी लोकांची दारं-खिडक्या सुद्धा भीत भीत करायला लागलो होतो.

नाम्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं, "आक्का, पंखा आडवा ठेवत जा. उभा ठेवला की खालच्या पात्यात ओल उतरती." ती "बरं" म्हणली होती. पावसाळा सरला की पंखा ती आत नेऊन ठेवायची, रांजणामागं अंधारात कुठंतरी. तिकडं मी कधी गेलो न्हाई. मला पाणी तीच द्यायची.

ती गेल्यावर पंखा बाजेवरच पडून राहिला. चैताचं ऊन होतं. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले, तेव्हा नामा म्हणला, "दाजी, आक्काच्या नावानं एकदा तोलू." गज घातला. पंखा हलला न्हाई. हातानं फिरवून जिथं सोडावा तिथं थांबायचा. कुठलंच पातं जड न्हाई.

नामा माझ्या गळ्यात पडून रडला. "आक्कानं पास केलं, दाजी! सकाळी घेऊन जातो. परवा उडवतो."

दिवस कलताना मला तहान लागली. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. उठून रांजणाकडं गेलो. मागच्या कोपऱ्यात पोत्याचं फडकं होतं, चार घड्या केलेलं, वाळून पापडासारखं कडक. मधोमध पात्याच्या टोकाएवढा खड्डा. मी परत येऊन पात्यावर बोट फिरवलं. टोकाशी, पितळी पट्टीच्या मागं, नखाएवढ्या जागेत वार्निश नव्हतं. झिजलं नव्हतं. विळीनं खरवडलं होतं.

आधी मला राग आला. बारा वर्षं मी माझ्या हाताला शिव्या दिल्या होत्या. मग हसू आलं, आणि मग मी तिथंच रांजणाला टेकून बसलो. पंखा कधीच पास झाला होता. बाकीच्या वर्षांत तिनं एवढंच केलं होतं, एक पातं भिजवत ठेवायचं आणि भावाला जमिनीवर ठेवायचं. सुपांना कुलूप लावता आलं होतं. विमानाला कुलूप कसं लावणार? आता ते काम माझ्यावर येऊन पडलं होतं. नाम्याचं स्वप्न त्याचं होतं. पण नामा तिचा होता.

सकाळी तो उठायच्या आधी मी आडावरून पाणी आणून रांजण भरला. पोत्याचं फडकं भिजवलं, चार घड्या केल्या, कोपऱ्यात ठेवलं. त्याच्यावर पंखा उभा केला, खरवडलेलं पातं खाली.

नामा दोरी घेऊन आला. थबकला.

"दाजी, हे उभं काहून?"

"एक पावसाळा जाऊ दे," मी म्हणलो.

तो लंगडत पुढं आला, खाली बसला, ओल्या पोत्याला हात लावला. पात्याच्या टोकावरून बोट फिरवलं. मग म्हणला, "बरं." अगदी तिच्यासारखं. उठून दोरी खुंटीला टांगली.

मी रांजणातून तांब्या भरला आणि त्याला पाणी दिलं.