बर्वेकाकांचा ससा

बर्वेकाकांकडे चहाला गेलं की आधी ससा किंचाळतो आणि मग आधण उकळतं. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा माझ्या हातातली बशी पडता पडता राहिली. काका मात्र ओट्यापाशी निवांत आलं किसत उभे होते.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "जखमी ससा आहे. म्हणजे ससा नाहीये, स्पीकर आहे. कसा वाटला?"

आता जखमी सशाला काय दाद द्यायची? मी आपलं "छान आहे" म्हटलं.

"छान कुठे? वरच्या पट्टीत फाटतोय. कोल्हा लगेच ओळखेल." एवढं बोलून त्यांनी चहात साखर घातली.

श्रीकांत बर्वे आणि मी आयर्लंडमध्ये, कॉर्कजवळच्या रिंगास्किडीला औषधांच्या एकाच कारखान्यात कामाला आहोत. मी नाशिकहून शिकायला आले आणि इथेच चिकटले. काका इथे वीसेक वर्षं मुरलेले. त्यांचं काम व्हॅलिडेशनचं. नवीन मशीन आलं की ते सांगितल्याप्रमाणे खरंच चालतंय का, हे पुन्हा पुन्हा तपासायचं आणि मगच सही करायची. आता ही सवय कारखान्याच्या फाटकाशी ठेवून घरी यावं की नाही? नाही. मी एकदा चकल्या नेल्या तर त्यांनी वरची, मधली आणि तळाची अशा तीन मोडून बघितल्या आणि मग पाकीट पास केलं. आमच्यातल्या एकीचं लग्न ठरलं तेव्हा पेढा हातात धरून शांतपणे विचारलं, "मुलगा व्हॅलिडेट केलाय का?" ती बिचारी अजून त्यांच्याशी जपूनच बोलते.

असा हा माणूस, पक्का शाकाहारी, घरात कोळी दिसला तर कागदावर घेऊन बागेत सोडणारा, आणि कोल्ह्याला बोलवायचं यंत्र शोधत होता. कारण होतं डेनिस. काकांच्या परसातल्या कुंपणापलीकडे डेनिसचं कुरण आहे आणि त्यात त्याच्या मेंढ्या. वसंतात कोकरं झाली की कोल्हा येतो आणि एकेक उचलून नेतो. डेनिसकडे बंदूक आहे, परवाना आहे, नेमही आहे. पण कोल्हा काही बंदुकीसमोर येऊन उभा राहत नाही. त्याला बोलवावं लागतं. माधवीकाकू आजारी होत्या तेव्हा हाच डेनिस त्यांना आपल्या गाडीतून हॉस्पिटलला न्यायचा, मेंढ्या सोडून. काकू गेल्या. काकांनी ते मनात ठेवलंय. यंदा कोकरं वाचवायला कोल्हा बोलवून देईन, असा शब्द त्यांनी डेनिसला दिला होता.

आधी हे काम जुई करायची. जुई म्हणजे काकांची मुलगी. लहानपणी तिला डेनिसनंच शिकवलं होतं. हाताच्या पाठीवर ओठ टेकवायचे आणि हवा आत ओढायची. उंदराची चिरचिर वाटावी असा बारीक आवाज निघतो. पुढे डेनिसला कवळी बसली आणि त्याची कला गेली, पण जुईची राहिली. ती चिरचिरली की कोल्हा चार बांध ओलांडून यायचा म्हणे. आता ती डब्लिनला सँडीफोर्डमध्ये नोकरी करते आणि इकडे फिरकत नाही. आईशिवायच्या घरात तिचा जीव घुसमटतो. काकांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांना माहीत होतं.

त्यावर त्यांचा उपाय होता फोन. सकाळी "उठलीस का?", दुपारी "जेवलीस का?", संध्याकाळी "कधी येतेस?" आणि रात्री पुन्हा "अगं, पण कधी येतेस?" सगळं स्पीकर लावून, जणू काही सँडीफोर्डपर्यंत हाक पोचवायची होती. तिकडून मजेत असल्याचं इथलं ठरलेलं उत्तर: "आयम ग्रँड, बाबा. टॉक लेटर." मग तेही बंद झालं. फोन नुसता वाजत राहायचा आणि काका त्याच्याकडे बघत कुकरच्या शिट्ट्या मोजायचे.

तर यंत्र. कोल्ह्यासाठी असलं यंत्र कायद्यानं चालतं, पक्ष्यांसाठी नाही, हे काकांनी आधीच वाचून ठेवलं होतं. पहिल्याचा आवाज फाटला म्हणून ते परत गेलं. दुसऱ्यात आवाज ढीगभर, पण अर्धे भलत्याच देशातल्या जनावरांचे. "आयर्लंडमध्ये अस्वल कशाला येतंय मरायला?" म्हणून तेही परत. तिसऱ्याची बटणं एवढीशी की हातमोजे घातले की एका वेळी तीन दाबली जायची. ससा, उंदीर आणि घुबड एकदम ओरडायचे. चौथ्या खेपेला मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. दारातून आत पाऊल टाकतोय तोच दुकानदार मागे वळून पुटपुटला, "युअर मॅन इज बॅक." म्हणजे इकडच्या बोलीत, आला तो पुन्हा. काकांना वाटलं, स्वागत आहे.

चौथं मात्र जमलं. आवाज स्वच्छ, रिमोट दमदार, बटणं मोठी. एका संध्याकाळी काका, डेनिस आणि मी असे आम्ही तिघं कुरणाच्या फाटकाशी जाऊन बसलो. काकांनी स्पीकर दूर कुंपणात ठेवला. कोल्ह्यानं आवाजाकडे बघावं, आपल्याकडे नाही, म्हणून. वारा तोंडावर येईल अशी जागा धरली, म्हणजे आपला वास त्याच्याकडे जात नाही. खाडीवरून धुकं वर चढत होतं. मेंढ्यांचे पाय दिसेनासे झाले आणि नुसती पांढरी अंगं तरंगत राहिली. मला तर क्षणभर कळेना की मी जागी आहे की नाशिकच्या गच्चीवर झोपून हे सगळं बघतेय. बरं वाटत होतं, आणि थोडं रडूही येत होतं.

मग काकांनी ससा लावला. मोठ्यानं. थांबायचं नावच नाही. डेनिसनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, पण काका समोर टक लावून बसलेले. धुक्याच्या कडेला काहीतरी तांबूस उमटलं. कोल्हा. तो थांबला. काकांनी आवाज अजून वाढवला. कोल्हा खाली बसला, मान तिरकी करून त्या कुंपणाकडे बघत राहिला आणि मग उठून, काही घाई नसल्यासारखा, आल्या वाटेनं धुक्यात निघून गेला.

डेनिसनं बंदूक उतरवली. "श्री," तो त्याच्या त्या संथ कॉर्की सुरात म्हणाला, "इतका वेळ कोणता ससा ओरडतो? थोडंसं वाजवायचं. हळू. मग गप्प बसायचं, आपल्याला अगदी नकोसं होईपर्यंत. त्याला वाटलं पाहिजे की यायचं त्याचं त्यानंच ठरवलं. जुई तसंच करायची ना. एकदा, आणि मग गप्प."

परत येताना काका रिमोट खिशात घालून, मान खाली घालून चालत होते. दाराशी आल्यावर मला म्हणाले, "मी फार ओरडलो गं." कोल्ह्याबद्दल बोलत नव्हते, हे मला कळलं.

आत येऊन त्यांनी यंत्र ओट्यावर ठेवलं. आवाज अगदी बारीक केला आणि ससा एकदाच वाजवून फोनवर रेकॉर्ड केला. जुईला पाठवायला घेतला. खाली टाईप केलं, "कधी येतेस?" बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसले. मग एकेक अक्षर खोडलं आणि नुसता आवाज पाठवून दिला.

पुढचा सगळा आठवडा त्यांनी तिला फोन केला नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. कारखान्यात मधल्या सुट्टीत फोन पालथा घालून ठेवायचे आणि त्याच्यावर चष्म्याची डबी ठेवायचे, हात जाऊ नये म्हणून. जन्मभर प्रत्येक गोष्ट तपासून बघणारा माणूस, आणि ही एकच गोष्ट तपासायला जाण्याची सोय नव्हती. एकदा मला विचारलं, "तिनं ऐकलंच नसेल तर?" मी म्हटलं, "ऐकलं असेल." मला तरी काय माहीत. त्यांच्याकडे बघून माझा जीव तुटत होता.

रविवारी मी नेहमीसारखी चहाला गेले. ससा किंचाळला नाही. काका आलं किसत होते आणि फोन वाजला. त्यांनी ओल्या हातानंच स्पीकर लावला.

"बाबा, व्हॉट वॉज दॅट?" जुईचा आवाज. "दॅट्स नॉट अ रॅबिट. दॅट्स अ स्क्वीकी डोअर." आणि मग क्षणभरानं फोनमधून एक चिरचिर आली. बारीक, ओलसर, थांबत थांबत. तिनं हाताच्या पाठीवर ओठ टेकवले असणार. त्या स्वयंपाकघरात तो आवाज किती दिवसांनी आला होता, कोण जाणे. काका किसणी हातात तशीच धरून उभे राहिले.

आवाज थांबला. काकांचे ओठ हलले. आता विचारणार, मला वाटलं, आता ते दोन शब्द येणार. त्यांनी ओठ घट्ट मिटले. आधण उकळायला लागलं तरी कुणी हललं नाही.

"बाबा? आर यू देअर?"

"आहे."

पुन्हा शांतता. खूप लांबची, धुक्यातली असावी तशी.

"शुक्रवारी येते," जुई म्हणाली. एवढं मराठीत. मग लगेच, "टेल डेनिस. अँड डोन्ट बाय एनी मोअर ऑफ दोज थिंग्ज, ओके?"

"बरं," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

चहा उतू गेला होता. मी ओटा पुसायला घेतला आणि सहज विचारलं, "काका, मग हे मशीन परत करायचं ना? मी उद्या त्या दुकानावरूनच जाणारे."

काकांनी स्पीकर उचलला, स्वच्छ फडक्यानं पुसला आणि इथे ज्याला प्रेस म्हणतात त्या भिंतीतल्या कपाटात, काकूंच्या चहाच्या डब्याशेजारी नीट ठेवून दिला.

"नको," ते म्हणाले. "हे पास झालं."