पाच बंदुका आणि एक बादली पाणी

दिनेशराव भोये यांनी आयुष्यात एकदाच बंदुकीला हात लावला, आणि तोही ती उडू नये म्हणून. इतक्या अहिंसक हेतूनं केलेल्या कामापायी पाच माणसांचे परवाने टांगणीला लागतील, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दिनेशराव नाशकात पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होते आणि सिडकोत राहत होते. काटकसर हाच त्यांचा छंद, व्यायाम आणि करमणूक. (काडेपेटीत पन्नासऐवजी सेहेचाळीस काड्या निघाल्या म्हणून त्यांनी एकदा कंपनीला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, तिकिटाचे पैसे मात्र गेले.) सासुरवाडी पेठच्या पलीकडे, डोंगरातल्या एका पाड्यावर. सासरे बारकूमामा म्हणजे मोजून बोलणारा माणूस. लग्नाला अकरा वर्षं झाली, तेवढ्या काळात त्यांनी जावयाला दोनच प्रश्न विचारले होते: "कवा आलं?" आणि "कवा जानार?" शिकलेल्या जावयाचा सल्ला सासऱ्यानं एकदा तरी घ्यावा, ही दिनेशरावांची फार जुनी इच्छा होती. ती १९९९ च्या श्रावणात पुरी झाली. झाली नसती तर बरं झालं असतं.

बारकूमामांकडे ठासणीची बंदूक होती. रानडुकरांपासून नागली राखायला सरकारनं रीतसर परवाना दिलेला. पाड्यावर अशा पाच बंदुका. ही बंदूक भरणं म्हणजे एक स्वयंपाकच असतो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा, मग गजानं सगळं ठासून बसवायचं आणि शेवटी घोड्याखाली ठिणगीसाठी तांब्याची टोपी. भरायला एवढा खटाटोप, पण रिकामी करायची तर पाड्याला एकच रीत माहीत, ती म्हणजे उडवून मोकळं व्हायचं. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात आणि भरलेली बंदूक ठाणं घेत नाही. त्यामुळे एक रूढीच पडून गेली होती. निवडणूक जाहीर झाली की पाचही जण टेकाडावर जायचे आणि समोरच्या डोंगराच्या दिशेनं एकेक बार काढायचे. दिल्लीतलं सरकार पडल्याचं आजूबाजूच्या पाड्यांना रेडिओपेक्षा या बारांवरून लवकर कळायचं.

त्या शनिवारी पोलीस पाटील जयराम नोटीस घेऊन आला. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत रिकाम्या बंदुका जमा करा, नाहीतर परवाना रद्द. परवाना गेला की दसऱ्याच्या सुमारास पिकलेली नागली डुकरांच्या हवाली, हे सांगायची गरज नव्हती. उद्या सकाळी बार काढायचे असं ठरलं आणि बंदूकवाले उठायला लागले. रोहिणी, म्हणजे दिनेशरावांची बायको, आपल्या आईबरोबर शेजारच्या पाड्यावर पाचवीला गेली होती. ओट्यावर दिनेशराव एकटेच सुशिक्षित उरले होते. त्यांनी खिशातली डायरी काढली आणि एका बाराला खर्च किती येतो, असं सहज विचारलं.

खर्चाचा हिशेब या पाड्यावर कुणी कधी मांडलाच नव्हता. दिनेशरावांनी तो मांडला. दारू तीन रुपये, छर्रे दोन रुपये, टोपी पंचाहत्तर पैसे, बोळा घरातल्या काथ्याचा नाहीतर फडक्याचा, म्हणजे फुकट. एकूण पावणेसहा रुपये. शेजारच्या निवृत्तीला बऱ्याच दिवसांपासून काडतुसाच्या बंदुकीची हौस होती. त्याला दिनेशरावांनी दाखवून दिलं की एका काडतुसाला पस्तीस रुपये पडतात, तेवढ्यात ठासणीचे सहा बार निघतात आणि वर पन्नास पैसे विडीला उरतात. निवृत्ती खूश झाला. मंडळी पुन्हा खाली बसली.

मग त्यांनी पान उलटलं. चार वर्षांत डुकरांवर किती बार काढले? आठवून आठवून उत्तर आलं, बारकूमामांचे दोन. (त्यातला एक निवृत्तीच्या गवताच्या गंजीला लागला होता, पण हिशेबात धरला.) आणि निवडणुकांवर किती? लोकसभा, जिल्हा परिषद, पुन्हा लोकसभा, आणि उद्याचा धरून चार. म्हणजे ही बंदूक डुकरांसाठी नसून लोकशाहीसाठी ठेवलेली आहे, असं दिनेशराव म्हणाले. नाशकातले हौशी नेमबाज तर उडवलेल्या काडतुसाचं टरफलही टाकत नाहीत, त्यात पुन्हा माल भरून वापरतात, ही माहिती त्यांना ऑफिसातल्या किशोर स्टोअरकीपरकडून मिळाली होती. ते उडवलेलं वापरतात आणि तुम्ही न उडवलेलं डोंगरावर फेकता, असं म्हणून त्यांनी डायरी मिटली.

बारकूमामांनी विडी विझवली, जावयाकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग काय करायचं?"

अकरा वर्षांनी आलेला तिसरा प्रश्न. दिनेशरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ही संधी त्यांनी सोडली असती तर तो माणूस लिपिक कसला? नळीत पाणी ओतायचं, दारू भिजली की ती मेली, मग नळी उपडी करायची. काळं पाणी, छर्रे, बोळे सगळं बाहेर. छर्रे धुऊन पुसून डब्यात, दारू चाळणीवर, आणि ऊन पडलं की वाळवून पुन्हा वापरात. पाटबंधारे खात्यातला माणूस पाण्याबद्दल बोलतोय म्हटल्यावर कुणी शंका काढली नाही. आधी एका बंदुकीवर करून बघावं, असं जयराम हळूच म्हणाला. पण एकाच टिपणीत पाच प्रकरणं निकाली काढणारा हा गडी. पाचही टोप्या काढून घेतल्या, पाचही बंदुका ओट्याला टेकवून उभ्या केल्या आणि दिनेशरावांनी स्वतःच्या हातानं तांब्या तांब्या करत बादलीभर पाणी त्यात रिचवलं.

तासाभरानं पहिली बंदूक उपडी केली. वरचं पाणी पडलं, स्वच्छ, अगदी पिण्याजोगं. दुसरी केली, तेच. मामांनी नळीत गज घातला. रिकाम्या नळीत गज तळाला जातो. हा चार बोटं वर राहिला. पाचही बंदुकांत गज चार चार बोटं वर.

रोहिणी दिवेलागणीला परतली, तेव्हा नवरा एका बंदुकीच्या बुडावर थापट्या मारत होता. तिनं बंदुका पाहिल्या, बादली पाहिली.

"पाणी ओतायच्या आधी काथ्या काढला होता का?" तिनं विचारलं.

दिनेशरावांनी नकारार्थी मान हलवली. काथ्या पाण्यात फुगतो, हे जगातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. पाच बंदुकांच्या नळ्यांत पाच बुचं घट्ट बसली होती. लहानपणी मामांच्या बंदुकीत एकदा असाच बोळा अडकला होता, तेव्हा सायकलीच्या तारेला आकडा करून तो उपसला होता, असं रोहिणी म्हणाली. पण पाड्यावर सायकल एकही नव्हती, आणि बायकोच्या आकड्यानं सुटणाऱ्या प्रश्नात दिनेशरावांना रस नव्हता.

रविवारी टेकाडावर जाऊन त्या उडवून बघायचा प्रयत्न झाला. चाप ओढला की टोपीचा टुक आवाज यायचा आणि पुढं काही नाही. प्रत्येकानं तीन तीनदा केलं. दिनेशरावांनी मनातल्या मनात पंधरा टोप्यांचे सव्वाअकरा रुपये मांडले आणि डायरी काढायचं टाळलं. चुलीवरच्या माळ्यावर ठेवून वाळवूया, असं निवृत्ती म्हणाला. ते ऐकून सासूबाई यशोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आजवर जावयासमोर त्यांनी पदर कधी ढळू दिला नव्हता की आवाज चढवला नव्हता. तो त्यांनी याही वेळी चढवला नाही. बंदुका घरात येणार नाहीत, आणि ज्याला त्या वाळवायच्या असतील त्याचं अंथरूणही बाहेर टाकते, एवढंच त्या म्हणाल्या. त्या रात्री दिनेशराव ओट्यावर झोपले. पाच नळ्या शेताकडे तोंड करून शेजारी होत्या, आणि घरातली सगळी माणसं मागच्या दारानं ये-जा करत होती.

तरीही दिनेशरावांचा धीर सुटला नव्हता, कारण त्यांच्याजवळ अजून एक हत्यार शिल्लक होतं. सोमवारी पहाटे उठून त्यांनी अर्ज लिहिला.

जीपमध्ये पेठपर्यंत रोहिणीसकट बारा माणसं होती. बंदुका भरलेल्या आहेत का, असं एकानं सहज विचारलं. निवृत्ती खरं बोलणारा माणूस. "भरलेल्या हायेत, पन भिजलेल्या," तो म्हणाला. पुढच्या फाट्यावर पाच जण उतरले, आणि त्यांचं भाडं ड्रायव्हरनं कोणाकडून घेतलं हे सांगायला नको.

ठाण्यात हवालदारांनी पहिल्या बंदुकीत गज घातला. चार बोटं वर. त्यांनी वर पाहिलं. दिनेशरावांनी अर्ज पुढं केला. 'सदरहू बंदुका भरलेल्या असल्या तरी भिजलेल्या असल्याने उडण्यास असमर्थ आहेत. सबब त्या रिकाम्या समजण्यात याव्यात, ही नम्र विनंती.' हवालदारांनी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी चष्मा लावला.

"वहीत दोनच रकाने आहेत," ते शांतपणे म्हणाले. "रिकामी, नाहीतर भरलेली. भिजलेली असा रकाना नाही."

तशी तरतूद नाही, हे उत्तर दिनेशरावांनी नोकरीत हजारो लोकांना दिलं होतं. ते ऐकायला कसं लागतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. पाच वाजता वही बंद होणार होती आणि घड्याळात अडीच वाजले होते. नाशकाहून बंदूक दुरुस्त करणारा माणूस आणायचा तर सोमवार संपणार. निवृत्ती मटकन पायरीवर बसला. औंदा नागली जोरदार आली होती, असं तो कुणालाही न उद्देशता म्हणाला. बारकूमामा जावयाकडे बघत नव्हते, आणि ते दिनेशरावांना फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, असं त्यांना वाटलं. पाच घरांचा घास आपण दोन तांब्या हुशारीत बुडवला, हे त्यांना आता कुणी सांगायला नको होतं.

"समोर सायकलवाला आहे," रोहिणी म्हणाली. "दोन रुपये द्या."

दिनेशरावांनी पहिल्यांदाच पावती न मागता पैसे दिले.

मग ठाण्याच्या मागच्या अंगणात, हवालदारांच्या देखरेखीखाली, टोप्या काढलेल्या बंदुका मातीच्या बांधाकडे तोंड करून ओळीनं ठेवल्या. रोहिणीनं सायकलीच्या तारेला आकडा केला, पदर खोचला आणि काम सुरू झालं. तार फिरवायची, ओढायची, काथ्याची एक शेंडी बाहेर. पुन्हा तार. दिनेशरावांना खाली ताट धरायचं काम मिळालं. काळा चिखल ताटात कमी आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर जास्त पडत होता. पहिल्या बंदुकीला पाऊण तास लागला. मग हात बसला. चौथी रिकामी झाली तेव्हा सव्वाचार वाजले होते आणि हवालदारांनी स्वतःहून चहा मागवला होता.

शेवटची बारकूमामांची. वरचा काथ्या निघाला, छर्रे ताटात वाजले. मग आकड्याला काहीतरी निराळंच लागलं. रोहिणीनं ओढलं तशी एक लांब पट्टी सुळकन बाहेर आली. कापड होतं. काळं झालेलं, पण मधे मधे आकाशी रंग दिसत होता.

दिनेशरावांनी ताट खाली ठेवलं. तो आकाशी रंग त्यांच्या ओळखीचा होता. दर दिवाळीला ते सासऱ्यांसाठी मेन रोडवरून शर्टपीस आणत. गेल्या वर्षीचा त्यांनी पाऊण तास निवडला होता, उजेडात नेऊन पाहिला होता आणि घासाघीस करून एकशे साठला घेतला होता. मामांच्या अंगावर त्यातला एकही त्यांनी कधी पाहिला नव्हता. ठेवणीतले असतील, कार्यप्रसंगाला शिवतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. पट्टीच्या मागून दुसरी पट्टी आली. ती चॉकलेटी होती. ते सत्त्याण्णव साल.

रोहिणी मान वर न करता तार पुसत राहिली. गज नळीत घातला, तो थेट तळाला गेला. पाचला दहा कमी असताना पाचही बंदुका 'रिकामी' या रकान्यात चढल्या आणि पाच पावत्या मिळाल्या. निवृत्तीनं आपली पावती दोनदा कपाळाला लावली. दिनेशराव बाजूला उभे राहून मनातल्या मनात जुना हिशेब दुरुस्त करत होते. दारू तीन, छर्रे दोन, टोपी पंचाहत्तर पैसे. आणि बोळा, एकशे साठ रुपये. काडतूस स्वस्त होतं.

परतीच्या जीपला वेळ होता. फाट्यावर बारकूमामा येऊन जावयाशेजारी उभे राहिले. मग त्यांनी जावयाच्या काळ्या झालेल्या शर्टाकडे पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवला. आजवर त्यांनी असा हात कधी ठेवला नव्हता.

"दिवाळीला येनार ना?" मामांनी विचारलं.

"येणार की मामा," दिनेशराव म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. "तुम्ही म्हणालात आणि आलो नाही असं होईल का?"

"मंग औंदा दोन कापडं आना," मामा म्हणाले. "लय घट्ट बसतं तुमचं कापड. काथ्यावानी फुगत नाय. मघाशी निवृत्तीनं बघितलं, त्यालाबी पायजे."