गुणवंतकाकाजींचा समोरचा भार

गुणवंतकाकाजी नव्या माणसाला नाव नंतर विचारत, आधी वजन विचारत. मग तो मतं मागायला आलेला उमेदवार असो, की त्यांच्या पुतणीला पाहायला आलेला मुलगा. त्या मुलाने बिचाऱ्याने बावन्न किलो असं खरं सांगून टाकलं. काकाजींनी मुलीच्या बापाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पोरगं चांगलं हाये, पन समोरून हलकं हाये." लग्न झालं, संसारही नीट चालला आहे. जावयाला मात्र त्या वाक्याचा अर्थ अजून लागलेला नाही. अधूनमधून तो मलाच विचारतो. मास्तरला सगळं माहीत असतं, असा त्याचा समज.

मला माहीत होतं, हीच तर अडचण होती.

आमचं गाव आष्टीच्या अलीकडे. काकाजींची संत्र्याची बाग आणि माझं दोन एकर वावर, मध्ये एक बांध. दोन हजार सालच्या सुमारास काकाजींनी बारका ट्रॅक्टर घेतला, चारही चाकांनी ओढणारा. झाडांच्या दोन ओळींतून मोठं धूड जात नसे, हा सहज जाई. गावाने त्याचं नाव बकरी ठेवलं. सीटजवळ एक दांडी होती. ती ओढली की पुढची चाकंही जोर लावत, सोडली की फक्त मागची. पहिल्या पावसाळ्यात काळ्या चिखलातून ती बकरी अशी चढायची की रस्त्याने जाणारे सायकली थांबवून पाहत.

मग ती रुतायला लागली. मागची चाकं चिखल उडवत फिरत आणि पुढची पाहुण्यासारखी स्वस्थ बसून राहत. काकाजींनी तीन दिवस निरीक्षण केलं आणि निकाल दिला: पुढचा भाग हलका आहे, म्हणून चाकं जमीन धरत नाहीत. "समोर भार पाहिजे."

आधी रेतीची पोती आली. मग सिमेंट भरलेले तेलाचे डबे. त्यामुळे झालं काय, की मागची चाकं आणखीच घसरू लागली. म्हणून मागे दगड बांधले. मग फवारणीची टाकी भरली की तोंड उचलायला लागलं, म्हणून पुन्हा पुढे पोती. दिवाळीपर्यंत बकरी दुप्पट जड झाली आणि होती तिथेच रुतत राहिली. पारावर दोन पक्ष पडले, पुढच्या भाराचा आणि मागच्या भाराचा. मी पुढच्या पक्षात होतो, आणि सगळ्यात मोठ्याने बोलत होतो.

आता सांगून टाकतो. त्या पहिल्या पावसाळ्यात मी बकरी मागून नेली होती, सासुरवाडीचं लोखंडी कपाट आष्टीहून आणायला. काकाजींनी बजावलं होतं, डांबरावर चढलास की दांडी सोड, नाहीतर पुढचा गिअर मोडेल. मी सोडली नाही. विसरलो असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं म्हणजे आठवण झाली होती, पण बाजारातून चार चाकांच्या जोरात जाताना बरं वाटत होतं. येताना गावाजवळच्या वळणावर खालून काहीतरी कट्ट करून मोडलं. ट्रॅक्टर चालत राहिला. मी तो गोठ्याजवळ लावला, चावी खुंटीला अडकवली आणि म्हणालो, "मस्त चालते काकाजी."

पुढच्या चाकांचा गिअर मोडला होता. त्यावर जातं ठेवा की डोंगर ठेवा, ती चाकं जोर लावणार नव्हती. हे मला ठाऊक होतं. रोज उद्या सांगू म्हणायचो. मग इतके उद्या साठले की सांगण्यापेक्षा वजन होणं सोपं वाटलं.

कारण पुढची पायरी ती होती. काकाजींनी पुढची पोती-डबे काढून बंपरवर फळी ठोकली, धरायला दोरी बांधली आणि दर रविवारी सकाळी बहात्तर किलोचा मी तिच्यावर बसू लागलो. पहिल्या गिअरमध्ये बकरी निघे. प्रत्येक ओळीच्या टोकाला काकाजी इंजिन बंद करत. "भार बसू दे," म्हणत. म्हणजे नेमकं काय, ते मी कधी विचारलं नाही. दहा-दहा मिनिटं आम्ही तसेच असायचो. ते मागे सीटवर, मी पुढे झाडांकडे तोंड करून. मी तसा न बोलणारा माणूस. बायकोही म्हणते, तुमच्यापेक्षा ते कपाट बरं, उघडताना निदान करकरतं तरी. पण कोणाचं तोंड दिसत नसलं की मला बोलता येतं, हे त्या फळीवर कळलं. बदलीची भीती, भावाशी तुटलेलं बोलणं, सगळं मी संत्र्यांना सांगितलं. मागून हुंकार येई. काकूंना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलगी सिंदी मेघेला दिलेली, तिच्याकडे गेले तरी ते संध्याकाळच्या एसटीने परत.

अशी सात-आठ वर्षं गेली. एकदा परीक्षेच्या पेपरांमुळे माझे दोन रविवार चुकले. तिसऱ्या रविवारी गेलो, तर फळीवर माझ्या जागी काकूंचा पाटा बांधलेला. त्याच्याखाली घडी केलेलं पोतं, दगडाला लागू नये म्हणून.

मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. कपाट, डांबर, दांडी, कट्ट. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे पाहून.

काकाजींनी पाट्याची दोरी सोडायला घेतली. "माहीत हाये मले," ते म्हणाले. "दुसऱ्याच वर्षी वर्ध्याचा मिस्त्री सांगून गेलता, का हे डांबरावरचं मोडणं हाये म्हनून. तुह्याशिवाय नेला कोनी होता?"

"मंग दुरुस्त काऊन नाई केला?"

"केला न. तवाच केला."

त्यांनी पाटा उतरवून घरात नेला, येऊन सीटवर बसले, दांडी ओढली. बकरी नाल्याचा चिखल तुडवत, पुढे एक किलो वजन नसताना, समोरचा चढ चढून वर जाऊन उभी राहिली. मी खाली. इतकी वर्षं मी त्यांना फसवत होतो, की ते मला? माफी झाली होती, की शिक्षा भोगून संपली होती? मला काहीच सुधरेना. काकाजींनी वरूनच हात हलवला. जा म्हणाले, आता तुझं काम नाही.

पुढचा रविवार आला. नऊ वाजेपर्यंत मी घरात येरझाऱ्या घातल्या. जायला कारण नव्हतं. मग तसाच गेलो.

काकाजी गोठ्यापुढे बाजेवर पाना घेऊन बसले होते. पुढ्यात उघडण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"काऊन आला?"

"असाच."

पाना या हातातून त्या हातात गेला. मग ते थोडे सरकले आणि बाजेवर जागा केली.

"मंग असाच येत जाजो," ते म्हणाले. आणि तोंड धुवायला म्हणून विहिरीकडे गेले, ते पुष्कळ वेळ आले नाहीत.