मोदकपात्र गेलं डेराबस्सीला

देवदत्त चंदीगडच्या विद्यापीठात मुलांना कॉम्प्युटरची मेमरी शिकवत असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्याने घरचं स्वयंपाकघर हाती घेतलं. जागा थोडी आणि वस्तू फार, हा प्रश्न कॉम्प्युटरने कधीच सोडवलाय, असं त्याचं म्हणणं. ओट्याजवळच्या फळ्यांवर वीसच वस्तू राहतील. एकविसावी हवी असेल, तर सगळ्यात जास्त दिवस न वापरलेली वस्तू उठून पलंगाच्या पेटीत जाईल. पेटी भरली, की त्यातली तशीच एक वस्तू गाडीने तासाभरावरच्या डेराबस्सीला, त्याचा मित्र राजाभाऊ याच्या गोदामात.

त्याची बायको लीना एवढंच म्हणाली, "हं." अठरा वर्षांच्या संसारात या "हं"चा अर्थ त्याला अजून लागला नव्हता.

गणेशचतुर्थी उजाडली. मराठी मंडळाच्या गणपतीला बारा वाजता नैवेद्य, आणि एक्कावन्न मोदकांचा मान यंदा प्रथमच लीनाकडे आला होता. तो मिळवायला तिला तीन वर्षं लागली होती. मोदक चुकले, तर मंडळात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

आठ वाजता तिने परात मागितली. देवदत्तने ती पेटीतून आणली आणि नियमाप्रमाणे खवणी पेटीत टाकली. दोन मिनिटांत खवणी हवी झाली. ती आली, तेव्हा कढई गेली. मग सारणाला कढई हवी झाली. दर वेळी गादी उचला, एक वस्तू काढा, दुसरी टाका, गादी ठेवा. दीड तासात एक नारळ खवून झाला. सगळा वेळ ने-आणीत जातो आणि काम तसूभर सरकत नाही, या अवस्थेवर देवदत्त दरवर्षी वर्गात हसतहसत व्याख्यान देई. आज कंबर धरून उभं राहिल्यावर त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

"आता मोदकपात्र दे," लीना म्हणाली.

गेल्या गणपतीनंतर कोणी हात न लावलेलं मोदकपात्र फळीवरून सगळ्यात आधी उठलं होतं, आणि पेटीतूनही.

"ते डेराबस्सीला आहे."

लीना ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे विचारलं, "तुमच्या कॉम्प्युटरला सणवार नसतात का रे?"

तो गाडीची किल्ली घेऊन पळाला. वाटेतल्या झिरकपूरच्या गर्दीत अडकल्यावर त्याला आठवलं, की काही गोष्टी कितीही दिवस वापरल्या नाहीत तरी जागच्या हलवायच्या नसतात, अशी सोय कॉम्प्युटरमध्ये असते. तो स्वतःच ती शिकवत असे. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पावणेबाराला तो मोदकपात्र छातीशी धरून घरात शिरला. ओट्यावर एक्कावन्न मोदक तयार होते, एकही न फुटलेला. शेजारी वरच्या मजल्यावरच्या ढिल्लों आंटींचा तीन मजली मोमो स्टीमर वाफा सोडत होता.

मोदकपात्र ठेवायला फळीवर जागा नव्हती. देवदत्त सवयीने म्हणाला, "म्हणजे एक वस्तू बाहेर काढावी लागेल."

त्यांची मुलगी इरा डबा भरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, इस किचन में सबसे कम यूज़ तो आप ही हुए हो."

"हं," लीना म्हणाली.

या वेळी मात्र देवदत्तला अर्थ लागला. मोदकपात्र लीनाच्या हातात देऊन तो मुकाट्याने बाल्कनीत जाऊन उभा राहिला.